विमानाचें भाडें आणि हवेचें देणें

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या आणून एक लहानसें विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें, तेव्हां विमान ही अपूर्वाईची वस्तु होती. आज मुंबईहून दिल्लीस विमानानें जाणें मध्यम स्थितींतल्या कुटुंबासहि साधतें. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, तें या वाढत्या गर्दीसाठींच. परंतु तिकिटाच्या रकमेंत एक देणें पुरतें धरलेलें नसतें. तें देणें हवेचें होय.

विमानाचें इंधन हें घासलेटाचेंच अधिक शुद्ध रूप आहे. तें एक किलो जळलें कीं सुमारें ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायु उत्पन्न होतो. कारण इंधनांतील कार्बन हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो आणि त्याचेंहि वजन त्यांत मिळतें. जगांत खनिज इंधनापासून निघणाऱ्या या वायूचा शेंकडा सुमारें अडीच भाग विमानांचा आहे. भाग लहान दिसतो खरा; पण एखाद्या वर्षीं विमानांत बसणारे लोक जगांत किती थोडे असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो लहान वाटत नाहीं.

यंत्रें सुधारलीं नाहींत असें नव्हे. पहिल्या जेट विमानांच्या मानानें आजचें विमान दर उतारूमागें पुष्कळच कमी इंधन जाळतें. तथापि उतारूंची संख्या त्याहून वेगानें वाढली आणि काटकसरीचा लाभ वाढीनें गिळला. मग मोटारीप्रमाणें विमानहि विजेवर कां चालवूं नये? अडचण वजनाची आहे. एक किलो इंधनांत जितकी शक्ति असते, तितक्या शक्तीसाठीं आजच्या बॅटरीचें चाळीस-पन्नास किलो ओझें लागतें. शिवाय इंधन जळतां जळतां विमान हलकें होतें. बॅटरीचें ओझें मात्र शेवटपर्यंत तसेंच राहतें.

म्हणून दूरच्या प्रवासासाठीं वनस्पति, वापरलेलें तेल आणि टाकाऊ पदार्थ यांपासून केलेल्या इंधनाकडे लक्ष लागलें आहे. वनस्पति वाढतांना हवेंतून जो कार्बन घेते, तोच जळतांना परत जातो. त्यामुळें नवी भर कमी पडते. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानांत उसाच्या मळीपासून बनविलेलें असें इंधन अल्प प्रमाणांत मिसळलें होतें. परंतु २०२४ सालीं जगांतील एकंदर खपांत अशा इंधनाचा वांटा शेंकडा सुमारें ०.३ इतकाच होता, आणि त्याची किंमत साध्या इंधनाच्या दुपटीहून अधिक होती. युरोपीय संघानें २०२५ पासून शेंकडा २ मिश्रण सक्तीचें केलें असून २०५० सालीं तें प्रमाण ७० वर न्यावयाचें आहे.

येथें एक सावधगिरी अवश्य हवी. साखर करतांना मळी आपसूक निघते, तोंवर ठीक आहे. पण विमानांसाठीं म्हणून ऊस वाढविला, तर मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशांत ज्वारी व गुरें ज्या विहिरींवर जगतात, त्यांचेंच पाणी खर्चीं पडेल. तेव्हां टाकाऊ मालाचा उपयोग प्रथम व्हावा. जेथें रेल्वे वेळेवर पोंचविते तेथें रेल्वेनें जावें. आणि जेथें विमानावांचून गत्यंतर नाहीं, तेथें स्वच्छ इंधनाची वाढीव किंमत उतारूनेंच भाड्यांत द्यावी. त्यानें ती न दिल्यास ती अखेरीस त्या शेतकऱ्याच्या माथीं बसेल, ज्यानें विमान केवळ डोक्यावरून जातांना पाहिलें आहे.