विश्लेषण : जागतिक वारसा ठरलेला साल्हेर किती अवघड? तिथे जाण्यापूर्वी काय माहीत हवे?

जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात नाशिक जिल्ह्यातील साल्हेरचाही समावेश आहे. त्यामुळे एरवी आडवाटेवर असलेल्या या डोंगररांगेकडे पर्यटकांचे लक्ष वळले आहे.

ही रांग नेमकी कुठे?

बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग जिल्ह्याला लागून सेलबारी आणि डोलबारी या दोन रांगा आहेत. सेलबारीवर मांगी-तुंगीचे सुळके, तर डोलबारीवर मुल्हेर, मोरागड, हरगड, सालोटा आणि साल्हेर हे किल्ले आहेत. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हे कळसूबाईनंतरचे राज्यातील दुसरे सर्वोच्च शिखर.

डोंगराला पायऱ्यांचा आकार का?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा बेसॉल्ट तयार झाला. कठीण थरांचे उभे कडे राहिले, तर ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. हेच कडे पुढे किल्ल्याचे नैसर्गिक तट ठरले. पायऱ्या आणि पाण्याची टाकीही याच कातळात खोदलेली आहेत.

इतिहासात महत्त्व कशामुळे?

खानदेशातून सुरतेकडे जाणारा मार्ग बागलाणातून जात असे. मराठ्यांनी १६७१ मध्ये साल्हेर जिंकला आणि मोगलांनी त्याला वेढा घातला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी इखलासखान आणि बहलोलखान यांच्या फौजेचा गडाच्या पायथ्याशी पराभव केला. मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलेली ही मोठी लढाई. तीत सूर्यराव काकडे यांना वीरमरण आले.

गडावर जायचे कसे?

सटाणा-ताहाराबाद-मुल्हेरमार्गे साल्हेरवाडी किंवा वाघांबे गाठता येते. वाघांबेकडील वाट साल्हेर-सालोटा यांमधल्या खिंडीतून वर जाते. माथ्यावर गंगासागर तलाव, गुहा आणि परशुराम मंदिर आहे. पावसाळ्यात दगडी पायऱ्या निसरड्या होतात, धुक्यात वाट चुकते. उन्हाळ्यात सावली नाही. त्यामुळे हिवाळा सोयीचा. चढायला पहाटे लागावे, पाणी खालूनच न्यावे आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा.

पुढचे आव्हान कोणते?

किल्ला राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. गर्दी वाढली की अरुंद पायऱ्या, दरवाजे आणि टाक्यांवर ताण येणार. सुरक्षिततेसाठी सोयी हव्यात, पण मूळ कातळ फोडून नव्हेत. साल्हेरला वारसा म्हणून मान मिळाला तो या कातळाशी एकरूप झालेल्या बांधणीमुळे. तीच बिघडली तर मिळालेला मान नावापुरता उरेल.