गंज काढणारे कण : निवड आणि हिशेब

लोखंडी पूल, जहाजाचे कवच किंवा तेलाची टाकी यांना रंग द्यावयाचा असल्यास त्यांवरील गंज, जुना रंग आणि पोलाद लाटताना बसलेली काळी खपली आधी काढून टाकावी लागते. दाबलेल्या हवेच्या झोतातून कठीण कण पृष्ठभागावर वेगाने आदळविणे हा त्याचा रूढ उपाय होय. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये या कृतीचे पेटंट घेतले. तेव्हा वाळू वापरीत. म्हणून कण कोणतेही असोत, कारागीर या कामास अद्यापि सँडब्लास्टिंगच म्हणतात.

वाळू स्वस्त असते, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. गारेचा कण पोलादावर आदळताच फुटतो आणि त्याची बारीक धूळ होते. ही सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात खोलवर गेली म्हणजे सिलिकोसिस हा रोग जडतो. एकदा झालेली हानी भरून येत नाही. शिरस्त्राण घातलेल्या कामगाराइतकाच, किंबहुना अधिक, धोका शेजारी उघड्या तोंडाने काम करणाऱ्यास असतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांन्वये ओतीव वस्तू साफ करण्याच्या कामी वाळूस मनाई केली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने या रोगाची गणना सरकारास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली.

आता खर्चाकडे वळू. टनाचा भाव पाहून निवड करणे ही नेहमीची चूक आहे. भाव पाहावयाचा तो साफ झालेल्या चौरस मीटरचा. समजा, एका कामास २० टन कणांचा मारा लागतो. वाळू एकदाच उपयोगी पडते, म्हणून २० टन वाळू घ्यावयाची आणि तेवढाच कचरा वाहून न्यावयाचा. गार्नेट चाळून चार वेळा वापरता आले, तर ५ टन पुरतात. पोलादी कण शंभर वेळा फिरविता आले, तर सुमारे २०० किलोग्रॅमच झिजतात. प्रत्येक द्रव्याचा मारा सारखाच परिणामकारक असतो, असे येथे केवळ सोयीसाठी धरले आहे. जुन्या रंगात शिसे असेल तर सारा कचरा विषारी ठरतो व त्याची विल्हेवाट महाग पडते. अशा वेळी हा फरक फारच जाणवतो.

तरीही पोलादी कण सर्वत्र चालत नाहीत. ते गोळा करण्यास बंदिस्त खोली लागते, आणि दमट हवेत ते स्वतःच गंजून त्यांचे गठ्ठे बनतात. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या पुलावर त्यांचा उपयोग काय होणार? तेथे गार्नेट बरे. भारतात ते ओडिशाच्या छत्रपूर येथील समुद्रवाळूतून वेगळे काढले जाते. स्टेनलेस पोलादावर तर लोखंडी कण वर्ज्यच, कारण रुतून राहिलेले कण पुढे गंजतात. तेथे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी योजतात.

कणांच्या आकाराचाही विचार हवा. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनात आठपट कण मावतात, म्हणजे आघातही आठपट होतात. प्रत्येक आघात मात्र हलका असतो, त्यामुळे जाड खपलीपुढे बारीक कण हतबल ठरतात. उलट, फार भरड कण पोलादावर खोल खाचा पाडतात. त्या भरून काढण्यास रंग अधिक लागतो. आणि तो कमी पडला तर खाचांची टोके उघडी राहून गंजाचा आरंभ तेथूनच होतो.