डायपर आणि मनाचा संकोच

लघवीवर ताबा न राहणे हा गुन्हा नव्हे, की म्हातारपणाची शिक्षाही नव्हे. ते शरीरातील बिघाडाचे लक्षण आहे. मधुमेह, रक्तदाब यांविषयी आपण चारचौघांत बोलतो. हा त्रास मात्र घरच्या माणसालाही सांगत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे का होते?

निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ती अडवून धरण्यास मदत करतात. बाळंतपणामुळे व पाळी गेल्यावर ते सैल पडले, की खोकताना, शिंकताना थेंब जातात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, तसेच मधुमेह, पक्षाघात, कंपवात व मज्जारज्जूची इजा यांतही हा त्रास होऊ शकतो.

मन का मानत नाही?

डायपर म्हटले की लहान मूल डोळ्यांपुढे येते. ज्याने घर चालविले, त्याला हे अपमानाचे वाटते. मग कोणी पाणी पिणेच कमी करतो. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय चुरचुरते, घाई वाढते आणि बद्धकोष्ठाची भर पडते. कोणी लग्नकार्य, सभा, एस.टी.चा प्रवास सोडतो आणि घराच्या कोपऱ्यात बसतो. आमच्या मते खरे नुकसान हेच आहे. कपडा ओला झाला तर बदलता येतो. तुटलेला माणूस पुन्हा जोडणे कठीण जाते.

सवय कशी करावी?

सुरुवातीला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, ते दाबू नये. मात्र चष्मा, कवळी, काठी यांच्याच रांगेत डायपरही ठेवावा. प्रथम घरीच दोन तास वापरावा. उठावे, बसावे, चालावे. मग बाजारापर्यंत जावे आणि नंतर प्रवास करावा. आपल्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, हे अनुभवाने कळते आणि धीर येतो. थेंब जात असतील तर पॅड पुरते. चालत्याफिरत्यास चड्डीसारखा आणि अंथरुणावरील रुग्णास पट्टीचा डायपर सोयीचा. माप बरोबर असावे. ढगळ डायपर गळतो. ओला झाल्यावर लवकर बदलावा, कातडी पाण्याने धुऊन अलगद टिपावी. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा टाकावा, शौचकुपात टाकू नये.

घरच्यांचे कर्तव्य

पाहुण्यांदेखत हा विषय काढू नये, मुलांना चेष्टा करू देऊ नये. डायपर बदलताना आधी विचारावे व दार लावावे. डायपर मागावे लागू नयेत. ते कपाटात हाताशी असावेत. वडीलधाऱ्यांचा मान अशा लहान गोष्टींत राखला जातो.

डायपर लावला म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली तळाचे स्नायू बळकट करणारा व्यायाम मांडला. तो नीट शिकून तीन महिने नियमाने केल्यास अनेकांना गुण येतो. लघवीत रक्त दिसणे, जळजळ होणे किंवा ताबा अचानक जाणे, यांपैकी काहीही घडल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या आजी-आजोबांशी या विषयावर आपुलकीने, हळू आवाजात बोलावे. आजी पुन्हा लग्नाच्या मांडवात येऊन बसली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.