पाखरं निघताना

आम्हा कोल्हापूरकरांचं पक्षीनिरीक्षण रंकाळ्याच्या काठावर सुरू होतं आणि बहुधा तिथंच संपतं. माझंही तसंच होतं. गेल्या मार्चमध्ये मात्र एका मित्राबरोबर पहाटे निघालो, गगनबावड्याचा घाट उतरलो आणि तळेऱ्यावरून देवगड गाठलं.

देवगडचा किल्ला समुद्रात घुसलेल्या भूशिरावर आहे. तिथून आधी दिसली ती ब्राह्मणी घार, तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची. ती बाराही महिने इथलीच. खाली कुरव पक्ष्यांचा थवा होता. हिवाळ्यात ज्यांची डोकी पांढरी असतात, त्यांतल्या काहींची आता तपकिरी झाली होती. मित्र म्हणाला, "हा प्रवासाआधीचा पोशाख. हे लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर वीण घालायला जाणार."

दुपारी ओहोटी लागली तसे आम्ही पुळणीवर उतरलो. चिखल्या पक्षी लगबगीनं किडे, शिंपले टिपत होते. काहींच्या छातीवर विटकरी रंग चढू लागला होता. थवा उडताना पाहावा म्हणून मी जोरात टाळी वाजवली. उडाला! मी खूश. शेजारी जाळं शिवत बसलेले एक आजोबा मात्र म्हणाले, "तेंका खावंदेत. लांब जावचा आसा तेंका."

मी ओशाळलो. त्यांच्या बोलण्यात शास्त्र होतं. किनाऱ्यावरचे हे पक्षी प्रवासाआधी अंगात चरबी साठवतात. काही जातींत वजन जवळजवळ दुप्पट होतं. तेच त्यांचं इंधन. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला सुमारे १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, कुठंही न उतरता गेलं. अशा प्रवासाची शिदोरी पुळणीवरच बांधली जाते, तीही ओहोटीच्या मोजक्या तासांत. आपण थवा उडवला की खाण्याची वेळ जाते आणि साठवलेली चरबीही खर्ची पडते. पुळणीवर मोटारसायकल पळवणाऱ्यांना, कुत्रं मोकळं सोडणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. कवितेत पाखरं उडवणाऱ्या मलाही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून मंडळी, चैत्रात कोकणात उतरलात तर ओहोटीची वेळ विचारून घ्या. दुर्बीण असली तर उत्तम. लांबच बसा, हलू नका. थोड्या वेळानं पाखरं आपणहून जवळ येतात. त्या दिवशी आमच्याजवळही आली, भरती लागेपर्यंत टिपत राहिली. या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.