मध्यरात्रीचं विमान, संध्याकाळची गाडी

रात्री पावणेतीनच्या विमानासाठी पुणेकर मुंबईला जायला कधी निघतो? तीन तास आधी पोचायचं, रस्ता चार तासांचा. पावणेआठला निघालं तरी चालावं. प्रत्यक्षात सहाच्या आतच बॅगा डिकीत गेलेल्या असतात. याला घाबरटपणा म्हणू नये. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर, याचा तो हिशेब असतो.

असेच हिशेब करत माणसं वाहन कसं निवडतात, याचं गणित अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७०च्या दशकात बसवलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘बार्ट’ रेल्वे सुरू व्हायची होती. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील, असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांच्या गटाने आधीच प्रवाशांची पाहणी करून ६.३ टक्के सांगितले. प्रत्यक्षात निघाले ६.२. त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत अशी, की पैसे, बसून जाणारा वेळ, चालणं, ताटकळणं या प्रत्येकाला वजन देऊन पर्यायाचे गुण काढायचे आणि मोजता न येणारं संभाव्यतेवर सोडायचं. कोण कशाने जाईल हे त्यातून ठामपणे कळत नाही, जाण्याची शक्यता कळते.

विमानतळाच्या वाटेवर ही वजनं बदलतात. लोकल चुकली तर दुसरी येते. विमान चुकलं तर पुढचं कनेक्शनही हातचं जातं. त्यामुळे सरासरी वेळेला फारसा अर्थ उरत नाही, वाईटातल्या वाईट दिवशी किती लागेल ते बघायचं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असल्या की एक जिनासुद्धा महाग पडतो. शिवाय मेट्रोचं तिकीट माणशी, टॅक्सीचं भाडं गाडीमागे. एकट्याला परवडणारी मेट्रो चौघांच्या कुटुंबाला तितकीशी स्वस्त राहत नाही. आणि बिल कंपनी भरणार असेल तर पैशाचं वजन जवळजवळ शून्यच!

मुंबईची ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते, विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्थानकं आहेत. वाहतुकीच्या कोंडीतून सुटका म्हणजे वेळेचा भरवसा, आणि तो भरवसाच तर प्रवाशाला हवा असतो. पण परदेशी विमानांची मोठी गर्दी मध्यरात्रीनंतरची, तेव्हा मेट्रो झोपलेली. मग तिथे टॅक्सीच.

नियोजनकारांना खरी डोकेदुखी मात्र सोडायला येणाऱ्या गाड्यांची. प्रवासी स्वतःची गाडी विमानतळावर लावून गेला तर जाऊन-येऊन दोन फेऱ्या होतात. घरच्यांनी सोडलं नि आणलं तर चार, त्यातल्या दोन प्रवाशाविना. आपल्याकडे तर सोडायला सगळं घर निघतं, म्हणजे कधी कधी गाड्याही दोन. पार्किंग महाग केलं की लोक मेट्रोकडे वळतील असं वाटतं. पण त्यातले काही भावाला ‘जरा सोडतोस का’ म्हणतात, आणि रस्त्यावरच्या फेऱ्या उलट वाढतात.