मॉनिटर मोठा, कार्ड तेच

दिवाळी झाली आणि उसाचा पहिला हप्ता खात्यावर पडला की श्रीरामपुरात नवे मॉनिटर यायला लागतात. चोवीस इंची 1080 वाला जातो, त्याच्या जागी सत्तावीस इंची 1440 वाला येतो. क्वचित कुणी थेट 4के घेतं. मग थोड्याच दिवसांत नेवासा रोडवरच्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर कॅबिनेट येऊन पडतं. तक्रार ठरलेली असते: चित्र झकास दिसतंय, पण गेम अडकतोय, ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं.

बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. तरीही कित्येक घरांतून पंचवीस-तीस हजारांचं नवं कार्ड घेतलं जातं, आणि दोष दुसरीकडेच असला तर अडकणं तसंच राहतं. आपल्याकडे पीसी हा घरातला मोठा खर्च असतो. त्यावर आणखी पैसे घालण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि इथेही तेच सांगणार आहे.

आधी हिशोब पाहू. 1080 च्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. 1440 वर ते 36,86,400 होतात, जवळपास पावणेदोन पट. 4के वर 82,94,400, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला साठ वेळा चित्र हलवायचं तर कार्डाला एका चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. त्याच वेळात आता पावणेदोन पट ठिपके रंगवायचे. प्रवरेच्या पाटाला आवर्तन तेवढंच आणि भिजवायचं रान पावणेदोन पट, अशी ही गत आहे. एफपीएस, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांचा आकडा, मात्र त्याच प्रमाणात पडत नाहीत, कारण कार्डाची काही कामं ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतात. 1080 वर शंभर मिळत असतील तर 1440 वर साठ ते सत्तर मिळणं हा बिघाड नाही.

बिघाड आहे की नुसतं ओझं, हे ओळखायची एक परीक्षा आहे आणि ती फुकट आहे. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ते कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, तापमान, कार्डाची मेमरी आणि एफपीएस दाखवत राहतं. गेममधल्या एकाच जागी उभं राहायचं, आकडे लिहून घ्यायचे. मग गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1080 करून त्याच जागी पुन्हा आकडे घ्यायचे. एफपीएस चांगले वाढले तर कार्डावर ठिपक्यांचं ओझं आहे. जागचे हलले नाहीत तर कार्डाचा दोष नाही, प्रोसेसर किंवा रॅमकडे वळायचं.

बेलापूर रोडचा एक बारावीतला मुलगा वडिलांना घेऊन आला होता. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, आरएक्स 6600 कार्ड आणि नवाकोरा 1440 चा 165 हर्ट्झचा मॉनिटर. गेम सायबरपंक 2077. वडील म्हणाले, "भाऊ, कार्ड बदलावं लागंल तर सांगा, पोराला बारावीचं बक्षीस द्यायचंच आहे." मी बाजाराच्या गर्दीतल्या चौकात पात्र उभं केलं. कार्ड 99 टक्के, प्रोसेसर 45 च्या आसपास, एफपीएस 44. रिझोल्यूशन 1080 केलं तर 68. म्हणजे निकाल स्वच्छ होता: कार्ड पूर्ण ताकदीने काम करत होतं, काम जास्त होतं.

पण रिझोल्यूशन 1080 वर ठेवून घरी पाठवलं असतं तर नव्या मॉनिटरचा उपयोग काय? 1440 च्या पॅनेलवर 1080 चं चित्र ताणलं की आडव्या-उभ्या ओळीत एका ठिपक्याला सव्वा-दीड ठिपका येतो, तो कापता येत नाही, म्हणून अक्षरं आणि कडा पुसट दिसतात. त्याऐवजी पडद्याचं रिझोल्यूशन 1440 च ठेवायचं आणि गेममधलं अपस्केलिंग चालू करायचं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर डीएलएसएस असतं, एएमडीचं एफएसआर जुन्या कार्डांवरही बऱ्याच प्रमाणात चालतं. 'क्वालिटी' या पर्यायात गेम आतल्या आत सुमारे 1707 गुणिले 960 वर रंगवला जातो आणि मग 1440 ला भरून काढला जातो. 2018 च्या सुमारास डीएलएसएस आलं तेव्हा चित्र धूसर व्हायचं. 2020 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिथून पुढे ते खरोखर वापरण्याजोगं झालं. त्या मुलाच्या मशीनवर एफएसआर क्वालिटीवर टाकलं, रे ट्रेसिंग बंद केलं, सावल्या आणि धुक्याचं सेटिंग एक पायरी खाली आणलं. एफपीएस साठीच्या वर गेले आणि टेक्स्चर 'हाय' वरच राहिले. चित्राचा देखणेपणा टेक्स्चरमध्ये असतो, सावल्यांची एक पायरी खेळताना जाणवत नाही.

त्याच पीसीवर आणखी एक गोष्ट निघाली. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडलं तर मॉनिटर 60 हर्ट्झवर चालत होता. 165 चे पैसे मोजले आणि विंडोजला ते कुणी सांगितलंच नाही. हे मला सतत आढळतं. तिथे आकडा बदलला, मॉनिटरच्या मेनूत आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीसिंक चालू केलं. आता कार्ड जेव्हा चित्र देईल तेव्हाच पडदा ते दाखवणार, त्यामुळे एफपीएस 55 ते 65 च्या दरम्यान हलले तरी डोळ्याला झटका बसत नाही. नवं कार्ड घ्यावं लागलं नाही. वडिलांनी बक्षिसाचे पैसे कॉलेजच्या प्रवेशासाठी राखून ठेवले.

केबलवर थोडं सविस्तर लिहितो, कारण एवढ्या स्वस्त वस्तूसाठी माणसं फार मोठी किंमत मोजतात. मॉनिटर बदलताना जुन्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल जोडली जाते. एचडीएमआय 1.4 मध्ये 4के चित्र सेकंदाला तीसच वेळा जातं, साठसाठी 2.0 लागतं. कित्येक 1440 च्या मॉनिटरवर एचडीएमआयपेक्षा डिस्प्लेपोर्टला जास्त हर्ट्झ मिळतात, म्हणून डिस्प्लेपोर्टची केबल आधी जोडून पाहा. आणि ती ग्राफिक्स कार्डालाच जोडा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचं एचडीएमआय असतं, खाली आडवे पोर्ट असतात ते कार्डाचे. घाईत केबल वर जाते, गेम प्रोसेसरमधल्या तुटपुंज्या ग्राफिक्सवर चालतो, किंवा कार्डाने काढलेलं चित्र वळसा घालून पडद्यावर येतं. हजारोंचं कार्ड आत असूनही बाहेरून ते नसल्यासारखंच.

काही वेळा परीक्षेचा निकाल उलटा येतो. व्हॅलोरंट खेळणारी मुलं येतात, त्यांचं कार्ड 40 टक्क्यांवर असतं आणि रिझोल्यूशन कमी केलं तरी आकडा हलत नाही. तिथे प्रोसेसर दमलेला असतो. आधी रॅम पाहायची: एकच काडी असेल तर त्याच जातीची दुसरी टाकली की मेमरीचे दोन्ही रस्ते चालू होतात, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं की रॅम आपल्या खऱ्या वेगाने धावते. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाढून पात्र मागे-पुढे उडत असेल तर तो नेटचा दोष, त्यात मॉनिटर आणि कार्ड दोन्ही निर्दोष.

जीटीएक्स 1650 सारख्या चार जीबीच्या कार्डाची अडचण वेगळी. एफपीएसचा आकडा बरा दिसतो, पण मान वळवली की गेम क्षणभर थबकतो. कार्डाची मेमरी भरली की टेक्स्चर मुख्य रॅममधून ओढून आणावे लागतात, आणि तो रस्ता फार मंद आहे. इथे सावल्या कमी करून काही होत नाही. टेक्स्चरच एक पायरी खाली आणायचे.

उन्हाळ्यात एक भलतीच गोष्ट समोर येते. जुन्या 60 हर्ट्झच्या पडद्यावर व्ही-सिंक लावून, म्हणजे एफपीएस पडद्याच्या साठवर बांधून, खेळताना कार्ड निम्म्या ताकदीवर चालत होतं. नवा मॉनिटर लागल्यावर ते तासन्‌तास 99 टक्क्यांवर राहतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ कार्डाच्या पंख्यात आणि पट्ट्यांत गच्च बसलेली असते. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत 83 अंशांच्या आसपास वेग आपोआप उतरू लागतो. म्हणून गेम पहिली दहा मिनिटं छान आणि मग सुस्त होत असेल तर ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. कार्ड तीन-चार वर्षांचं असेल तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकणं हा अनेकांचा पहिला उपाय असतो. फक्त मॉनिटर बदलला असेल तर मी तो शेवटी करतो.

पीसी खेळता खेळता धाडकन बंद पडत असेल किंवा रीस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघा. 1650 साधारण 75 वॅट घेतं, आरएक्स 6600 132, आरटीएक्स 3060 170. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं असतं, पण ते पूर्ण भाराखाली टिकत नाही. इतके दिवस भार पूर्ण नव्हता म्हणून ते उघडं पडलं नाही. वरून आपल्या भागातला व्होल्टेजचा चढउतार. इथे पैसे वाचवू नका. मी स्वतः कार्डाआधी एसएमपीएस बदलायला सांगतो.

हे सगळं करूनही हवं ते मिळालं नाही तर नवं कार्ड घ्या. 1440 साठी किमान आठ जीबी मेमरीचं, जमलं तर बारा किंवा सोळा. जुनं कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली आणि त्यातली काही अजून हात बदलत फिरतायत. आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कार्ड घ्यायला जायच्या आधी घरी कॅबिनेट उघडून टेपने आतली लांबी मोजून कागदावर लिहा, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढून घ्या, आणि कार्डाला जाणारे पॉवरचे कनेक्टर सहा पिनांचे आहेत की आठ पिनांचे, ते त्याच कागदावर लिहून ठेवा.