आधी तळपाय बघा

मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं ते बहुतेक गोऱ्या लोकांच्या देशांतून आलेलं असतं. उन्हात फार वेळ राहू नका, पाठीवरचे तीळ बघत जा. तिथे ते योग्यच आहे. सावळ्या वर्णाच्या माणसांत हा कॅन्सर मुळात कमी. पण होतो तेव्हा त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखाखाली असतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. म्हणजे आपण नजर चुकीच्या जागी लावून बसलो आहोत. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच मेलानोमा निघाला. आधी तो फुटबॉल खेळताना लागलेला मार समजला गेला होता. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला. आपल्याकडेही अशा डागाला कुरूप, नखुरडं किंवा जुनी ठेच समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात.

ठेच आणि मेलानोमा यांतला फरक घरबसल्या पुष्कळसा कळू शकतो. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मेलानोमाचा काळा पट्टा मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो, रुंदावत जातो. काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला तर मग थांबूच नये. (सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट पट्टे असतात, ते सहसा निरुपद्रवी. एकाच नखावर मोठेपणी नव्याने उमटलेला पट्टा मात्र दाखवावा.) तळपायावरचा डाग त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप या खास भिंगातून बघतात. तिथली कातडी सरी-वरंब्यांच्या रानासारखी दिसते. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो, मेलानोमाचा वरंब्यावर. आणि काही मेलानोमा काळे नसतातच. न भरणाऱ्या लालसर जखमेसारखे दिसतात.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी लोकांना घाबरवायचं कशाला, असं कोणी विचारेल. पण दुर्मीळ आहे म्हणूनच तो कोणाच्या, कधी कधी डॉक्टरांच्याही, मनात येत नाही आणि पायाचे तळवे बघायला पैसे लागत नाहीत. दुसरी भीती जास्त खोल आहे: सुरी लागली की कॅन्सर पसरतो. बायोप्सीने मेलानोमा पसरतो याला आधार नाही. नुकसान होतं ते चुना-सोडा लावून किंवा न तपासता डाग जाळून टाकल्याने. कारण पुढचं सगळं गाठीच्या जाडीवर ठरतं, तीही मिलिमीटरमध्ये मोजलेली. जाडी एक मिलिमीटरच्या आत असेल तर भोवतालची साधारण एक सेंटिमीटर कातडी घेऊन केलेली शस्त्रक्रिया बहुतेकांना पुरते. जाड गाठीत जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथी तपासाव्या लागतात. रोग पसरला तर पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं आहेत, पण ती महाग आहेत आणि तळपायाच्या मेलानोमावर इतर प्रकारांइतकी चालत नाहीत. उशिराची भरपाई औषधाने होईल हा भरवसा आपल्याला तर आणखीच कमी आहे. म्हणून तळपायावरचं कुरूप किंवा तीळ कुठेही कापून घेतला, तरी काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगावं आणि रिपोर्ट हातात घ्यावा. त्यात मेलानोमा निघाला, तर जाडीचा आकडा घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयात लगेच जावं.